आजीची पाटी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हाला पेडणे महालात जाण्याचा योग आला. शिवोलीचा पूल ओलांडून चोपडे गाठले की शापोरा नदी मागे राहते आणि मोरजी, मांद्रे, हरमल ही समुद्रकाठची गावे एकामागून एक लागतात. केरीला रस्ता संपतो. तेथून फेरीबोटीने आम्ही तेरेखोलला उतरलो. १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतलेल्या येथील किल्ल्याच्या आवारात संत अंतोनीचे देऊळ आहे.

गावात एका घराच्या ओटीवर सत्तरी उलटलेली एक आजी पाटीवर बाराखडी गिरवीत बसली होती. शेजारी तिची नात गुरुजीच्या थाटात उभी!

“आजी, या वयात हा अभ्यास कशासाठी?” आम्ही थट्टेने विचारले.

“फादर, मला रोमी लिपी तेवढी येते. नातीच्या पुस्तकात काय आहे ते मला कळायला नको? आणि कोयता टांगून ठेवला तर गंजतो. डोक्याचेही तसेच.”

आजीच्या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात साठ ते नव्वद वर्षांच्या २२१ जणांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काहींनी आठवड्याला सुमारे पंधरा तास, असे तीन महिने, छायाचित्रण किंवा गोधडी शिवण्याची कला नव्याने शिकून घेतली. त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली. नुसत्या गप्पागोष्टी व सहली करणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे काम नवे हवे आणि डोक्याला थोडे जड हवे. अर्थात, विस्मृतीच्या रोगावर हा रामबाण उपाय नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या धर्मपरंपरेत अशी उदाहरणे थोडी का आहेत? आब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी येथील भाषा तिशीनंतर आत्मसात केली, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

परतताना आम्ही मुद्दाम कोलवाळ, अस्नोड्यावरून डिचोलीला गेलो. तेथे एक वृद्ध गृहस्थ राहतात. पूर्वी आम्ही त्यांच्या गावी असताना ते देवळात व्हायोलिन वाजवीत. बोटे थरथरू लागली तेव्हा “आता विश्रांती घ्या” असे आम्हीच त्यांना सांगितले. घरच्यांनीही दयेपोटी बाजार, हिशेब, सारे काढून घेतले. वर्षभरात माणूस मुका झाला. आमची दया त्यांना शिक्षा झाली होती.

आम्ही त्यांच्यापुढे एक कोरी वही ठेवली आणि तेरेखोलच्या आजीची हकिकत सांगितली. “तुम्हाला पाठ असलेली जुनी गीते देवनागरीत उतरवून द्याल का? लिपी तुमची नात शिकवील.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, पेन्सिल द्या. पेनाने चुका खोडता येत नाहीत.”

आज वार कोणता, हे ते अजूनही विसरतात. पण रोज सकाळी वही उघडतात, आणि नातीशी बोलतात.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना “तुम्ही स्वस्थ बसा” असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्यांच्या हातून काम काढून घेणे सोपे. नवे काम हाती देणे, यातच खरा मान आहे.