आंबटपणाचे देणे

आमच्या वऱ्हाडात वाईन म्हटली की डोळ्यांपुढे येते ती वेदीवरची. ती शुद्ध द्राक्षांची असावी आणि बिघडलेली नसावी, हा ख्रिस्तसभेचा दंडक आम्हांस ठाऊक होता. चव पारखण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता.

सेमिनरीतील आमचा एक सोबती ऑस्ट्रियात धर्मसेवा करतो. २००९ साली तो अकोल्यास आला, तेव्हा त्याने डॅन्यूब नदीकाठच्या वाखाऊ खोऱ्यातील पांढऱ्या वाईनच्या तीन बाटल्या आणल्या. द्राक्ष रीसलिंग जातीचे, हंगाम २००६ चा. एक बाटली लगेच उघडली. पहिल्याच घोटाला आमची जीभ आकसली. “हाच आंबटपणा हिला म्हातारपणी तारील,” तो हसून म्हणाला, आणि त्याच दमात बोलून गेला, “तुझी प्रवचने मात्र नुसतीच गोड असतात!”

ते बोल आमच्या जिव्हारी लागले. पत्रव्यवहार खुंटला. एक बाटली आमच्या कपाटात पडून राहिली. दुसरी अमरावतीच्या एका धर्मगुरुबंधूंनी नेऊन फ्रिजच्या तळाशी ठेवली.

२०२४ च्या नाताळानंतर अमरावतीस दोन्ही बाटल्या एकत्र उघडल्या. पांढऱ्या कापडासमोर पेले धरले. आमची वाईन तपकिरी झालेली, वास सडक्या सफरचंदाचा. अकोल्याचा ४५ अंशांचा उन्हाळा तिने पंधरा वेळा सोसला होता. दुसरी मात्र सोन्यासारखी पिवळी! हुंगताच आम्ही दचकलो. वास चक्क रॉकेलचा! जुन्या रीसलिंगची हीच ओळख, असे बंधूंनी सांगितले. पेला हलवून पुन्हा हुंगला, तेव्हा मध आणि सुक्या जर्दाळूचा गंध आला. घोट जिभेवर घोळवला. आंबटपणा होताच, पण आता तो बोचत नव्हता, साऱ्या चवीला कण्यासारखा आधार देत होता.

नुसत्या वयाने वाईन मुरत नाही. अंगी आंबटपणा हवा आणि ठेवणाऱ्याने गारवा द्यायला हवा. मोर्शी-वरुडच्या संत्र्यातही आंबटाचा अंश नसेल तर ते मिळमिळीत लागते, हे आपण जाणतोच. सोबत्याने आंबट दिले होते. त्याला गारवा न देता आम्ही ते रागाच्या धगीत ठेवले.

पेला खाली ठेवला आणि तिथेच बसून, १५ वर्षांनी, आम्ही त्याला पत्र लिहिले.