कासवाची पिल्लं बघायची असतील तर वेळासला चला!

वेळास! रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव, एवढंच मला ऐकून माहीत होतं. तिथे काय बघायला मिळतं ते आत्ता कळलं, आणि पारोळ्याला परतल्यापासून जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलोय.

आम्ही समुद्रापासून लांबची माणसं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे तामसवाडीचं बोरी धरण. माझ्या आईने तर समुद्र कधी पाहिलाच नव्हता. धुळे, मनमाड, नगर, पुणे करत ताम्हिणी घाट उतरलो. बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो, सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला पोहोचलो. मुलांचा प्रवासाचा शीण त्या बोटीतच पळाला!

उतरायचं गावकऱ्यांच्याच घरी. सारवलेलं अंगण, मागे नारळ-सुपारी, ताटात कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आईने पिशवीतून कळण्याचं पीठ काढलं, घरच्या काकूंनी चूल मोकळी करून दिली आणि दोघींची गट्टी जमली. परसात ककणेराची जोडी आली. एवढी मोठी चोच मुलांनी आजवर पुस्तकातच पाहिली होती. किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड थेट डोक्यावरून गेला. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवलेली. पाऊल कुठे ठेवावं तेच कळेना!

आणि मग कासवं! ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पिल्लांकडे ती पुन्हा फिरकत नाही. गावातले कासवमित्र पहाटे तिच्या पायांचा माग काढतात, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी गाठतात आणि जाळीच्या कुंपणातल्या वाळूत तसाच खड्डा करून पुरतात. पुढचे पन्नासएक दिवस वाळूची ऊबच त्यांना वाढवते. नर होणार की मादी, तेही त्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त!

सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. कासवमित्राने एक उचलली आणि खाली वाळू हलत होती! आधी एक काळपट नाक वर आलं, त्यावर वाळूचे कण, मग मिचमिचे डोळे, मग एक वल्हं. बघता बघता दहा, वीस, तीस! पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात, म्हणजे तेवढी वाळू ती स्वतःच्या पायांनी तुडवतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा त्याच भागातल्या किनाऱ्याकडे वळते, म्हणून हे चालणं महत्त्वाचं. एका पिल्लाला लाटेने दोनदा मागे फेकलं. ते उलटं झालं, धडपडून सरळ झालं आणि पुन्हा पाण्याकडेच निघालं. तिसऱ्या लाटेने त्याला नेलं. दोरीमागे उभे असलेले आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो. आई हात जोडून म्हणाली, "माय वं! इतलासा जीव, नि इतला मोठा समुद्र!" हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. पूर्वी या किनाऱ्यावर अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरली जायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे संरक्षण सुरू केलं आणि गावकऱ्यांना सोबत घेतलं. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे आले, घरोघरी चार पैसे येऊ लागले आणि गावच कासवांचं राखणदार झालं. 2022 च्या जानेवारीत वेळासहूनच 'प्रथमा' नावाची मादी पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावून समुद्रात सोडली गेली. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग झालेलं हे पहिलं ऑलिव्ह रिडले कासव!

खान्देशातल्या मंडळींनो, पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर ते एप्रिलदरम्यान पोराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन नक्की जा. राहायची सोय आधी फोन करून ठरवा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती आपल्या सवडीने येत नाहीत. म्हणून धावती भेट नको, मुक्कामच ठेवा. दोरीच्या मागे उभे राहा, पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. बाकी काय बघायचं ते वेळासची माणसं जीव लावून दाखवतील.