एकशे सहावे वर्ष

विद्यार्थी मित्रहो, नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तुम्हाला ही हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती घडली तेव्हा मीही तसाच शिकत होतो. माझे वय अडतीस होते. मालवणच्या बाजारपेठेतील एका दुकानात मी हिशेब लिहीत असे. एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम पुरा केल्यावर संगणकाची भीती गेली होती आणि तिची जागा एका नव्या हौसेने घेतली होती. भरडावरच्या एका सायबर कॅफेत रोज रात्री तासभर बसून मी वेबपाने तयार करण्याचे तंत्र शिकू लागलो. गुरू कोणी नव्हता. एक जुने इंग्रजी पुस्तक होते, आणि दुसऱ्यांनी केलेली पाने आतून कशी लिहिली आहेत ते उघडून पाहण्याची सोय होती.

वेबपान दोन तऱ्हांचे असते. एक भिंतीवरच्या फलकासारखे. जे लिहिले तेच प्रत्येकाला दिसते. दुसरे गतिमान, ते वाचणाऱ्याला उत्तर देते. वाचणाऱ्याने तारीख निवडली की त्या तारखेपुरते बोलते, आकडे भरले की बेरीज करून दाखवते. हे बोलणे ज्या भाषेत लिहितात तिचे नाव जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक या तंत्रज्ञाने नेटस्केप कंपनीसाठी १९९५ साली तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. ही आज्ञावली चालते ती मात्र आपल्या संगणकावर नव्हे, तर वाचणाऱ्याच्या संगणकातील ब्राउझरमध्ये. म्हणजे लिहिणारा एक आणि त्याचा अर्थ लावणारे अनेक. या वाक्याचे गांभीर्य मला पुस्तकातून कळले नाही. ते कसे कळले, तेच सांगतो.

चिवल्याला माझ्या आत्याचे घर आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. काका गेल्यानंतर आत्यानेही दोन खोल्या काढल्या. त्या दोन खोल्यांवर तिचे वर्ष निघे. त्यातही खरी कमाई नाताळच्या आठवड्याची. तिच्यासाठी मी एक गतिमान पान तयार केले. पाहुण्याने तारीख निवडायची, पानाने ‘खोली उपलब्ध’ किंवा ‘खोल्या भरल्या’ असे सांगायचे. उपलब्ध असेल तरच निरोप पाठवण्याची जागा उघडायची. भरलेल्या तारखांची यादी मी दर बुधवारी स्वतःच्या हाताने त्या पानात लिहीत असे आणि आलेले निरोपही बुधवारीच वाचत असे. भरलेल्या दिवसासाठी निरोप येणेच शक्य नाही, अशी माझी खात्री होती.

२५ डिसेंबर २००६, सोमवार. कोकणकन्येने कुडाळला उतरून, एस.टी.ने मालवण गाठून मुंबईचे एक कुटुंब आत्याच्या अंगणात उभे राहिले. नवरा, बायको, शाळकरी मुलगी आणि काठी टेकत चालणारी म्हातारी आई. दोन्ही खोल्यांत आदल्या दिवसापासून दुसरे पाहुणे होते. आत्याने मला दुकानातून बोलावून घेतले. मी वाटेत सायबर कॅफेत शिरलो, पान उघडले, पंचवीस तारीख निवडली. पडद्यावर स्वच्छ उमटले : ‘खोल्या भरल्या’. मी निर्धास्त मनाने अंगणात गेलो आणि त्या गृहस्थांना म्हणालो, “तुमचीच काहीतरी गल्लत झाली असेल. पान तर भरल्याचे सांगते आहे.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. गुरुवारी रात्री त्यांनी माझ्याच पानाची छापून घेतलेली प्रत होती ती. तारीख तीच, आणि खाली माझ्याच शब्दांत : ‘खोली उपलब्ध’.

मी कागदाकडे पाहत राहिलो. म्हाताऱ्या बाई तोवर ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. आत्या एवढेच म्हणाली, “तुझा यंत्र काय सांगता ता तू मागाहून बघ रे. दारात इलेल्या माणसाक मी नाय म्हणून कशी सांगू?” तिने माजघर रिकामे करून त्यांना दिले आणि स्वतः तीन रात्री पडवीत घोंगडे अंथरून निजली.

त्या रात्री मी गृहस्थांना एकच प्रश्न विचारला : पान कशात उघडले होते? ते म्हणाले, ‘फायरफॉक्स’मध्ये. सायबर कॅफेतल्या सगळ्या संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोरर होता, आणि माझे पान मी जन्मापासून फक्त त्यातच पाहिले होते. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली होती, पण मला तिचे नावही जेमतेम ठाऊक होते. टेलिफोनच्या तारेवरून ती उतरवून घ्यायला बराच वेळ लागला. मग मी तारीख निवडली. ‘खोली उपलब्ध’. पुन्हा निवडली. ‘खोली उपलब्ध’. अखेर तुलना करण्यापूर्वी आज्ञावली तारीख कशी जुळवते ते पडद्यावर दाखवणारी एक ओळ मी मध्ये घातली. उत्तर आले : २५-१२-१०६.

मित्रहो, हे एकशे सहा कुठून आले? जावास्क्रिप्टमध्ये तारखेतून वर्ष काढण्यासाठी ‘गेट-इयर’ असे एक फंक्शन आहे. त्याची मूळ रीत वर्षातून १९०० वजा करण्याची. १९९६ साठी ते ९६ सांगे आणि कोणाचे काही बिघडत नसे. २००० साल आले तेव्हा नेटस्केपने जुना नियम पाळून १०० सांगितले, तर इंटरनेट एक्सप्लोररने पूर्ण २००० सांगितले. नव्या सहस्रकाच्या पहिल्या दिवशी कित्येक पानांवर ‘१९१००’ असे वर्ष झळकले, कारण त्यांच्या कर्त्यांनी आलेल्या आकड्याआधी डोळे मिटून ‘१९’ जोडले होते. माझ्या यादीत २५-१२-२००६ असे लिहिलेले होते. एका ब्राउझरमध्ये ते जुळत होते. दुसऱ्यात २५-१२-१०६ ही तारीख यादीत कुठेच सापडत नव्हती. म्हणून पान प्रत्येकच दिवस मोकळा आहे असे बिनदिक्कत सांगत होते. चूक दाखवणारी सूचना नाही, काही अडले नाही. पान चालत होते आणि खोटे बोलत होते.

उपाय एका शब्दाचा होता. ‘गेट-फुल-इयर’ हे फंक्शन सगळीकडे पूर्ण चार आकडी वर्ष देते. या भाषेचे प्रमाण रूप एक्मा या संस्थेने १९९७ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि त्यात ते होते. मी वाचत असलेले पुस्तक त्याहून जुने होते. दोष इंटरनेट एक्सप्लोररचा नव्हता, फायरफॉक्सचाही नव्हता. एका खिडकीतून जे दिसले तेच जग, असे मी मानले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली. आज्ञावली चुकली याबद्दल ते हसून ‘चालायचेच’ म्हणाले. पण मला क्षमा हवी होती ती ‘तुमचीच गल्लत’ या दोन शब्दांची. कागद त्यांनी छापून आणला नसता, तर एक खरा माणूस माझ्या लेखी कायमचा खोटा ठरला असता, आणि तोही पुराव्यानिशी.

नंतरच्या शिक्षणात मला कळले की असे मतभेद त्या काळी पावलोपावली होते. बटण दाबल्यावर काय करायचे हे पानाला सांगण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘अटॅच-इव्हेंट’ लागे, इतरांना ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’. नवशिके आधी ब्राउझरचे नाव विचारीत आणि नावावरून त्याची पात्रता ठरवीत. ही रीत फसवी आहे. नाव बदलते, आवृत्ती बदलते, आणि काही ब्राउझर दुसऱ्याचे नावही सांगतात. योग्य रीत अशी की नाव विचारूच नये. ‘तुला हे जमते का?’ एवढे विचारावे, जमत असेल तर ते काम द्यावे, नसेल तर दुसरी वाट ठेवावी. मालवणचे बंदर खडकांचे आहे. तिथला जाणता तांडेल होडीचे नाव विचारून वाट ठरवीत नाही. तिला किती पाणी लागते ते विचारतो. ही तुलना सुचली तेव्हा तो धडा माझा झाला.

२००६ मध्येच जॉन रेसिग यांनी ‘जेक्वेरी’ हा तयार आज्ञावलींचा संच प्रसिद्ध केला. लिहिणाऱ्याने एकदाच लिहावे, ब्राउझरांमधले भेद संचाने सांभाळावेत, अशी त्याची योजना होती. पुढे ब्राउझरही प्रमाण रूपाच्या जवळ आले, आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची सेवा थांबवली. आज आत्याचे पाहुणे मोबाइलवर पान पाहतात. तरीही पानात काही बदल केला की मी ते तीन वेगवेगळ्या ब्राउझरांत आणि दोन फोनांवर उघडतो, त्यांतला एक फोन मुद्दाम जुना. आणि कोणी म्हणाले, “मला वेगळे दिसते आहे,” तर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : “तुम्ही कशातून पाहिलेत?”

तुम्ही मराठी साहित्याचे विद्यार्थी. तुमच्या अभ्यासात ‘पानाचा’ अर्थ निराळा. तरीही प्रमाण मराठीत वाढलेला वाचक आणि मालवणीत वाढलेला वाचक एकच कथा वाचतात तेव्हा, लिहिलेले तेच असूनही, दोघांच्या मनात उमटणारे एक असेलच असे नाही. दुसऱ्याला उमटलेला अर्थ आपल्याहून वेगळा आहे, एवढ्यावरून त्याला चुकीचा ठरवण्याची घाई मला आता होत नाही. आधी त्याच्या हातातला कागद पाहावा.

तो कागद आत्याने ठेवून घेतला आहे. तिच्या हिशेबाच्या वहीत, २००६च्या डिसेंबरच्या पानात तो अजून घडी घालून आहे. त्या तीन दिवसांचे भाडे मात्र वहीत कुठेही लिहिलेले नाही.