पट्टी नसलेले छायाचित्र

आमच्या घरी छायाचित्रांचे अकरा अल्बम आहेत आणि त्यांपैकी पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा एकही नाही, ही आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. तक्रार खोटी नाही. इतरांच्या अल्बमांत मुंजी, डोहाळजेवणे, पचमढीच्या सहली असतात; आमच्या अल्बमांत बाटल्या आहेत. काचेच्या बुचाच्या बाटल्या, तपकिरी साका बसलेल्या बाटल्या, बर्फाच्या पेटीत माना वर काढून बसलेल्या बाटल्या. त्याखेरीज पाण्यात रोवलेले खांब, खांबांवरचे आकडे आणि नावेच्या काठावरून ओणवलेल्या माणसांच्या पाठी. इंदूरहून आलेल्या एका विहीणबाईंनी तर भाबडेपणाने विचारले होते, "भाऊंचा पूर्वी औषधांचा कारखाना होता का?"

कारखाना नव्हता, नोकरी होती, तीही राज्य शासनाची. शिक्षण बी. एस्सी. एवढेच, आणि काम बव्हंशी कागदांचे. पाण्याची तपासणी करणारे शास्त्रज्ञ निराळे. आम्ही त्यांची देयके, वाहने व दौरे सांभाळणारे. परंतु आमच्यापाशी विद्यार्थिदशेत हौसेने घेतलेला एक जड रशियन झेनिट कॅमेरा होता आणि कार्यालयापाशी नव्हता. १९९५ साली जपानी कर्जाच्या साहाय्याने भोज वेटलँड प्रकल्प सुरू झाला. तो २००४ पर्यंत चालला. या काळात कामाची छायाचित्रे ठेवावीत असे वरिष्ठांच्या मनात आले आणि साहजिकच आमची आठवण झाली. अशा रीतीने, पोहता न येणारा एक लेखनिक वृत्तीचा मनुष्य आठवड्यातून एकदा नावेत बसू लागला.

या पत्रिकेच्या वाचकांना भोपाळच्या तलावाची ओळख करून देणे म्हणजे घरच्या माणसाला घरचा पत्ता सांगणे होय. तरीही पुढील पिढीसाठी दोन ओळी लिहितो. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घातला, तो बडा तालाब. त्या बांधावर आज कमला पार्क आहे. छोटा तलाव १७९४ चा, नवाबांचे मंत्री छोटे खान यांनी बांधलेला. १९६५ साली भदभद्याला ११ दरवाजे बसले आणि मोठ्या तलावाची पातळी वाढली. तलाव भरला म्हणजे पाणी सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरते. ३६१ चौरस किलोमीटर मुलखाचा पाऊस त्याच्याकडे धावतो. पूर्ण पातळी १६६६.८० फूट. हा आकडा भोपाळकरांना स्वतःच्या जन्मराशीपेक्षा अधिक पाठ असतो. ऑगस्ट महिन्यात भाजीवालासुद्धा दशांशासकट सांगतो.

नाव सकाळी बोट क्लबावरून निघे. प्रमुख एक रसायनशास्त्री बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत, आम्हीही तेच म्हणू. ठरलेल्या जागी नाव थांबली की प्रथम पाण्यात एक तबकडी सोडली जाई. वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची, दोरीला बांधलेली. १८६५ साली अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलविद पाद्र्याने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशा पांढऱ्या तबकड्या सोडून पाहिल्या. तेव्हापासून त्याच नावाने ती जगभर बुडते आहे. नावेच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, पुन्हा वर घेताना दिसू लागली की दुसरी खूण वाचायची; दोहोंची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. युक्ती इतकी साधी की आमच्या आजीलाही करता आली असती. तबकडी नाहीशी होते तो क्षण टिपण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. प्रत्येक वेळी केवळ हिरव्या पाण्याचे चित्र आले. नाहीशा झालेल्या वस्तूचे छायाचित्र काढता येत नाही, हे लक्षात यायला आम्हांला तीन रोल लागले.

बाटल्यांचा प्रकार याहून सुरस. ३०० मिलिलिटरची बाटली हवेचा बुडबुडा न शिरू देता भरायची आणि तिच्यात नावेतच दोन द्रावणे घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. १८८८ साली विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनज्ञाने शोधलेली ही रीत. छोट्या तलावाच्या तळचे पाणी भर उन्हाळ्यात वर काढले आणि बाटलीत दुधासारखा पांढरा साका बसला, तेव्हा नावेत कोणी काही बोलले नाही. तो देखावा आम्ही मोठ्या तत्परतेने टिपला, कृष्णधवल फिल्मवर! धुऊन आल्यावर जिवंत पाणी आणि मेलेले पाणी दोन्ही सारखेच राखाडी. मॅडम पोट धरून हसल्या. पुढे रंगीत रोल मंजूर व्हायला सात महिने गेले, ती कथा स्वतंत्र निबंधाची आहे.

मॅडमचा एक दंडक होता. चित्रात मोजपट्टी हवी आणि चित्रामागे जागा व दिनांक हवा. "साहब, स्केल रखिए," हे त्यांचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की स्वप्नातही पट्टी शोधू लागलो. जलपर्णीचे पान असो, काठाची भेग असो, मेलेला मासा असो, शेजारी एक फुटी लाकडी पट्टी पडलेलीच. आमच्यातील कलावंताला हे फार खुपे. सूर्य मावळतो आहे, तकिया टापू काळासावळा झाला आहे, पाणकावळ्यांची रांग घरी निघाली आहे, अशा वेळी पट्टी कोठे धरावी? म्हणून मॅडमचे काम उरकले की आम्ही दोन-चार चित्रे बिनपट्टीची, स्वतःच्या रोलवर काढून घेत असू.

पाण्याचे चित्र काढण्यात एक मेख आहे, ती सांगितल्याविना पुढची गोष्ट कळणार नाही. पाण्याकडे पाहताना आपल्याला बहुधा पाणी दिसतच नाही. दिसते ते आकाश. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पोलरायझर नावाची काळसर काच लावून पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधला आणि काच फिरवली, तर एका ठिकाणी वरची झळाळी एकदम पुसली जाते आणि तळ दिसू लागतो. पाव वेढा पुढे फिरवा, पुन्हा आकाश. तळे तेच, माणूस तोच.

२००२ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या तलावांची रामसर यादीत नोंद झाली. मध्यप्रदेशातील ते पहिलेच स्थळ. कार्यालयात पेढे वाटले गेले. पुढच्याच महिन्यात गणेशोत्सव आला. विसर्जनापूर्वीचे आणि नंतरचे पाणी तपासण्याचे काम ठरलेले असे. त्याप्रमाणे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर आम्ही शीतलदासच्या बगियाच्या घाटावर गेलो. मॅडम नमुने घेत होत्या. पाण्याखालच्या पायरीवर त्यांनी पट्टी ठेवली आणि आम्हांला खूण केली. आम्ही काच फिरवली. झळाळी गेली.

तळाशी हात होते, सोंडा होत्या, निर्माल्याच्या पिशव्या होत्या. प्लास्टर पाण्यात लवकर विरत नाही, रंग मात्र सुटू लागतो. पायरीवर तांबडे-निळे ओघळ पसरले होते. त्या रंगांत शिसे, क्रोमियम असले जड धातू असतात हे आम्ही मॅडमच्या तक्त्यांतून टंकलिखितही केले होते. आणि पट्टीला अगदी लागून एक मूर्ती आडवी पडली होती, जवळजवळ अभंग. तिच्या मुकुटाचा डावा टवका उडालेला होता आणि त्या जागी जांभळट गुलाबी रंग होता. तो आमच्या कन्येच्या नखरंगाचा होता. मूर्ती घरी आणताना स्कूटरवर टवका उडाला आणि मुलीने आपली बाटली काढून तो रंगवला. काल सायंकाळी आम्हीच त्या मूर्तीपुढे हात जोडून पुनरागमनायच म्हटले होते. पट्टीप्रमाणे उंची नऊ इंच.

"क्या हुआ?" मॅडमनी विचारले. "कुछ नहीं," आम्ही म्हणालो आणि कळ दाबली. मग मान वर केली, काच उतरवून खिशात टाकली आणि पश्चिमेकडे तोंड करून मावळत्या सूर्याचे एक चित्र घेतले. पाणी नुसते सोने झाले होते.

ते दुसरे चित्र कार्यालयाच्या अहवालाचे मुखपृष्ठ झाले. वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्याची मोठी प्रत चौकटीत बसवून आमच्या दिवाणखान्यात लागली. पहिल्या चित्राची मॅडमनी दोनदा मागणी केली. "ते हललं आहे," असे आम्ही सांगितले. अहवालाच्या परिशिष्टात घाटाची इतर चित्रे गेली, ते गेले नाही.

असे का केले, याचा आम्ही बराच विचार केला आहे. भीती कोणाचीच नव्हती. त्या चित्रावर काही आमचे नाव लिहिलेले नव्हते. आमचे वडील पाटावर काळ्या मातीचा गणपती स्वतः करीत, वीतभर, ओबडधोबड, सोंड दरसाल निराळी. त्यांच्या माघारी आम्ही बाजारातून आणू लागलो, कारण मुलांना चकाकणारा हवा असे आणि आम्हांला वेळ नसे. पेशव्यांच्या, शिंद्यांच्या मागून या मुलखात आलेल्या आपल्या घराण्यांनी बरोबर जे थोडेफार आणले आणि टिकवले, त्यांत हे दैवत मुख्य. ते पट्टीला लावून मोजलेले पाहवले नाही, हे एक कारण. दुसरे असे की, सबंध आठवडा तक्ते टंकणारे आम्ही, आमच्याच घरची ओळ त्या तक्त्यात आहे हे आम्हांला कधी सुचलेच नव्हते.

यानंतर सात वर्षे दिवाणखान्यात सोने चमकत राहिले. २००८ चा पावसाळा कोरडा गेला आणि २००९ च्या उन्हाळ्यात बडा तालाब इतका आटला की पातळीचे खांब कोरड्यात उभे राहिले. त्या उन्हाळ्यात हजारो भोपाळकर फावडी-घमेली घेऊन गाळ उपसायला उतरले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आपल्या समाजातील मंडळीही होती. आम्हीही चार रविवार गेलो. आता हातात डिजिटल कॅमेरा होता आणि काच फिरवण्याचे कारण उरले नव्हते. तळ तसाच उघडा पडला होता. फावड्याला गंजलेल्या सळया लागत, कामट्या लागत, आणि एकदा प्लास्टरचा एक पंजा लागला, अभयमुद्रेतला. आमच्या सौभाग्यवतींनी तो उचलला, पदराने पुसला आणि कोठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभ्या राहिल्या. त्या रात्री आम्ही कपाटातून ते चित्र काढून त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी नखरंग लगेच ओळखला. "अहो, सात वर्षं?" एवढेच म्हणाल्या. पुढे दोन दिवस चहा मिळाला, संभाषण नाही.

मॅडमना प्रत द्यायला आम्ही स्वतः गेलो. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी चित्र खिडकीपाशी नेले, चष्मा वर करून बारकाईने पाहिले, उलटून मागची जागा आणि दिनांक वाचला. "साहब," त्या म्हणाल्या, "यह तो ज़रा भी हिला नहीं है." मग मटार सोलत बसलेल्या सुनेला चहा टाकायला सांगितला.

तेव्हापासून आमच्याकडे मातीचा गणपती येतो आणि अंगणात घंगाळात विसर्जन होते. माती तुळशीला जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२० साली ती सुधारली. पण आम्ही नियम वाचून सुधारलो असे म्हणण्याची सोय नाही. सोनेरी चित्र भिंतीवर आहेच. काढावे असे आम्ही सुचवले होते, सौभाग्यवतींनी नकार दिला. मात्र ते कोणत्या दिवशीचे आहे हे प्रत्येक पाहुण्याला त्या आमच्यादेखत सांगतात.

निवृत्तीनंतर एकदा मूळ गाव पाहण्यासाठी गुहागरला गेलो. सात-आठ पिढ्यांत आमच्यापैकी कोणी तेथे गेले नव्हते. व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि किनाऱ्यावर उतरलो. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला समुद्र प्रथम थोडा उच्छृंखल वाटतो. आमच्या तलावाची रेघ सरकायला एक पावसाळा लागतो. येथे सव्वासहा तासांत किनारा बदलतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जाते, हे आम्ही सौभाग्यवतींना सांगू लागलो. त्या शंख वेचत होत्या. आता ना अहवाल, ना मॅडम, ना तक्ते. सुरूची बने, ओल्या वाळूवरचे आकाश, लाटेने सोडलेली फेसाची किनार, मनसोक्त चित्रे काढावीत. आम्ही कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली घेतला. काहीतरी चुकत होते. शेवटी भरतीची रेघ जेथे वाळली होती तेथे सौभाग्यवतींना जाऊन उभे राहायला सांगितले.

आजवर आपले चित्र कोणी काढीत नाही म्हणणाऱ्या त्या आनंदाने उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि मग एकाएकी संशय येऊन म्हणाल्या, "अहो, पट्टी म्हणून उभं केलंत की काय मला?"

चित्रामागे जागा आहे, दिनांक आहे, आणि पाच फूट एक इंच असेही लिहिले आहे.