आण्णांची पद्मिनी, आपला ऊस आणि 120 नंबरचं जेट

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. मधी ऊस येणार आहे, थोडा धीर धरा.

आमच्याकडं 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. आण्णांनी आडसालीच्या बिलातून घेतलेली. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टीअरिंगवरचा गिअर, सोलेक्स कार्बोरेटर. मार्चमध्ये आण्णांना डोळे दाखवायला पुण्याला नेलं होतं. येताना खंबाटकीच्या चढाला गाडीनं दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पळायच्या ऐवजी घुटमळायची, कार्बोरेटरमधून फट्‌ करून उलटा बार मारायची. मागं ट्रकांची रांग, शेजारी 82 वर्षांचा बाप, मागच्या सीटवर पोरगी. एका वळणावर गाडी बंदच पडली. मागचा ट्रकवाला सावध होता म्हणून आज हे लिहितोय.

घरी आल्यावर मी जे केलं ते आपल्यातले निम्मे जण करतात. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मिक्स्चरचा स्क्रू पिळत बसलो. अर्धा आटा आत, एक आटा बाहेर. उभ्या गाडीचा आवाज घड्याळासारखा लागायचा, मी खूश. गावाबाहेरच्या चढाला गेलं की पुन्हा तेच. असे तीन आठवडे घालवले. गाडी विकायची भाषाही घरात झाली.

एका संध्याकाळी आण्णा शेजारी बसले होते. चढाला गाडी अडखळली तसा त्यांनी हात पुढं करून चोक अर्धा ओढला. गाडी सरळ पळाली. म्हणाले, "आरं, चोक वढल्यावर पळतीया म्हंजी तिला प्याट्रोल कमी पडतंय. तू तिकडं स्क्रू काय पिळत बसलायस?"

लाज वाटली, पण बरोबर होतं. मिक्स्चरचा स्क्रू फक्त गाडी उभी असताना, स्लो रेसला किती पेट्रोल जायचं तेवढंच ठरवतो. गाडी ओढायला लागली की पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथं त्या स्क्रूचं काही चालत नाही. प्लग काढून बघितले तर चारीही पांढरे फटक. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. पेट्रोल जास्त झालं तर काजळी धरतो, कमी झालं तर पांढरा पडतो. हे बघायला पाच मिनिटं लागतात, मी तीन आठवडे बघितलं नव्हतं.

मग कार्बोरेटर उतरवला. फिल्टरमध्ये तपकिरी गाळ, फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम कडक होऊन कडेला चिरलेला. आणि ज्यानं पोटात गोळा आला ते म्हणजे पेट्रोलची रबरी नळी. बोटानं दाबली तर फुगलेली, मऊ, जोडावर ओल. ती नळी गरम इंजिनाच्या वरून जाते. घाटात गाडी नुसती बंद पडली, पेटली नाही.

आता ऊस. आपण औषध मोजतो ती नळी घेतली, 100 मिलि पेट्रोल आणि 20 मिलि पाणी टाकून हलवलं. (उघड्यावर करा, विडी-काडी लांब ठेवा, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.) दहा मिनिटांनी तळाचा थर जवळपास 40 मिलि. पाणी तर 20 च होतं, वाढलं ते इथेनॉल. एक टन उसाच्या थेट रसातून साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे माझ्याच फडातला ऊस माझ्याच गाडीत आला होता आणि 1986 च्या रबराशी त्याचं जमत नव्हतं. इथेनॉलला शिव्या द्यायचा मला तोंडच नाही, त्यामुळं कारखान्याकडं पैसा येतो आणि माझं बिल निघतं. पण जुन्या गाडीला ते जसंच्या तसं पचत नाही, हेही खरं. जुनी रबरं फुगवतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सोडवतं, हवेतलं पाणी ओढतं.

शिवाय जळण्याचा हिशेब बदलतो. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. वीस टक्के मिसळलं की साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन पाहिजे. माझ्या मेन जेटवर 120 कोरलंय, म्हणजे भोक 1.20 मिमी. 125 चं घेतलं तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. नोझलचा आकार बदलल्यावर एकरी पाणी बदलतं, तोच हिशेब. पुण्यात जुन्या सुट्या भागांच्या दुकानात 125 चं मिळालं. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करायचा सल्ला एकानं दिला होता. नोझलमध्ये तार घालणाऱ्याला आपण काय म्हणतो ते आठवा.

नळ्या इथेनॉल चालणाऱ्या बसवल्या, टाकी धुतली, फिल्टर आणि डायफ्रॅमचं किट नवीन. टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग आधी बघून घेतलं, कारण तिथला दोष कार्बोरेटरच्या नावावर खपतो. मगच स्क्रू. इंजिन चांगलं गरम केलं. स्क्रू हलक्या हातानं टेकवून दीड आटा बाहेर, तिथून पाव-पाव आटा फिरवत सगळ्यात चढी आणि एकसारखी रेस शोधली, मग स्लो स्क्रूनं रेस उतरवली. जोर लावून टेकवलात तर सुईचं टोक जातं. आवाजाचा शेवटचा पाव आटा आण्णांनी लावला. त्यांना ऐकू कमी येतं, पण बॉनेटवर तळहात ठेवून सांगत होते.

चढाला आता चोक लागत नाही. प्लग फिकट तपकिरी झालेत. अ‍ॅव्हरेज लिटरला एकानं घटला, तो घटणारच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ताकद कमी असते.

पद्मिनी तुमच्याकडं नसेल, पण पॉवर वीडर, ग्रास कटर, पेट्रोलचा फवारणी पंप आहेच. सीझन संपला की त्यात पेट्रोल तसंच ठेवून कोपऱ्यात लावू नका. कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकीही रिकामी करा.

माझा वीडर दिवाळीपासून भरल्या टाकीनं उभा आहे. आज संध्याकाळी उघडतोय, वाटीत काय निघतंय त्याचा फोटो टाकतो.