अँटवर्पची जुनी पेठ

ज्याचे बालपण पेठेत गेले, तो परगावी गेला की देवदर्शन आटोपताच त्या गावचा बाजार पाहावयास निघतो. आमच्या बार्शीच्या घराण्यात ही सवय तीन पिढ्यांची आहे. त्यामुळे ब्रुसेल्सला नोकरीनिमित्त राहणाऱ्या कन्येने जेव्हा विचारले, “अण्णा, बेल्जियममध्ये प्रथम काय पाहायचे?” तेव्हा माझे उत्तर ठरलेले होते : अँटवर्प.

आपल्या समाजास हे नाव हिऱ्यांमुळे परिचित आहे. पालनपूरकडील अनेक जैन कुटुंबे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे स्थिरावली आणि विल्रिक या उपनगरात त्यांनी शुभ्र संगमरवराचे देखणे जिनमंदिर उभारले. दर्शन घेऊन आम्ही शहरात परतलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हिऱ्यांचा बाजार रेल्वे स्थानकाच्या अगदी लगत आहे. परंतु मला ओढ होती ती तेथून वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेवर, स्केल्ट नदीच्या काठी वसलेल्या जुन्या पेठेची.

एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. प्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशी धाकट्या बंधूंनी विचारले होते, “दादा, पेठेतले जुने दुकान पावसाळ्यानंतर पाडायचे ठरले आहे. माळ्यावरच्या वह्यांचे काय करू? रद्दीवाला येऊन गेला.” मी घाईत होतो. “तुला योग्य वाटेल ते कर,” एवढेच म्हणालो. लाल कापडात बांधलेल्या त्या कीर्दी आणि खतावण्या वडिलांच्या आणि आजोबांच्या हातच्या होत्या. त्यांचा विचार त्या दिवशी तरी माझ्या मनाला शिवला नाही.

चार दारांचा बाजार

स्थानकाकडून जुन्या शहराकडे जाणारा मेइर हा रुंद, गजबजलेला रस्ता आहे. त्याच्या बाजूच्या एका गल्लीत वळलो आणि अचानक एका भव्य दालनात येऊन उभे राहिलो. हे अँटवर्पचे जुने व्यापार-सभागृह. खाली कमानींच्या ओवऱ्या, मध्ये प्रशस्त चौक, वर लोखंड आणि काचेचे उंच छत. या ठिकाणी १५३१ साली मूळ इमारत उभी राहिली, तेव्हा चौकावर छत नव्हते. केवळ सौदे करण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या युरोपातील आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते. कोणत्याही देशाच्या आणि कोणत्याही भाषेच्या व्यापाऱ्यांच्या उपयोगासाठी ही वास्तू आहे, अशा आशयाचा लॅटिन लेख तिच्यावर कोरलेला होता.

लंडनच्या थॉमस ग्रेशम या सावकाराने हीच इमारत नजरेपुढे ठेवून आपल्या शहरात तसेच सभागृह उभारले. येथील वास्तू मात्र १५८३ आणि १८५८ असा दोनदा आगीत जळली. आजची इमारत १८७२ सालची असून अलीकडेच तिचा जीर्णोद्धार झाला आहे. सौदे केव्हाच थांबले; आता तेथे समारंभ होतात.

मला सर्वांत आवडली ती तिची रचना. चारही बाजूंनी रस्ते येतात आणि सरळ आत शिरतात. कोण कोठून आला हे न विचारता, ज्याच्याजवळ माल आणि पत आहे त्याने आत यावे, असाच त्या दारांचा अर्थ मला वाटला. १५०१ साली पोर्तुगीजांनी आणलेली मलबारची मिरी लिस्बनमार्गे प्रथम या शहरात आली, आणि पुढे काही दशके उत्तर युरोपचा मसाल्याचा बाजार येथेच भरत असे. इंग्रजांचे लोकरी कापड, जर्मनांची चांदी व तांबे आणि आपल्या किनाऱ्यावरची मिरी यांची गाठ याच गल्ल्यांत पडली.

नावात राहिलेले बाजार

तेथून कॅथेड्रलच्या दिशेने चालू लागलो आणि कन्येने भिंतींवरच्या पाट्यांचा अर्थ सांगावयास सुरुवात केली. एक दूध बाजार, एक अंडी बाजार, पुढे जोडे बाजार. कॅथेड्रलच्या पाठीशी कापड बाजार, तर पुढ्यात हातमोज्यांचा बाजार. जवळच चांदीकारांची गल्ली. आज त्या ठिकाणी दूधही विकत नाहीत आणि हातमोजेही नाहीत. उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडल्या आहेत. परंतु नाव कोणी बदललेले नाही. आपल्या गावांतही दाणे आळी आणि तांबट आळी अशाच टिकून आहेत. बाजार उठतो, पण नाव गावाच्या जिभेवर राहते.

कॅथेड्रलचे बांधकाम १३५२ साली सुरू झाले. दोन सारख्या मनोऱ्यांचा संकल्प होता. एक १२३ मीटरपर्यंत चढला, दुसरा अर्ध्यावर राहिला. आत रुबेन्स या थोर चित्रकाराची भव्य चित्रे आहेत. फ्रेंच सैन्याने ती पॅरिसला नेली होती आणि नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत आली.

पुढे ग्रोटे मार्क्ट, म्हणजे मोठा बाजार-चौक. त्याच्या एका बाजूस १५६५ साली पूर्ण झालेले नगरभवन आहे, तर इतर बाजूंस व्यावसायिकांच्या संघांची उंच, निमुळत्या माथ्याची घरे. त्यांपैकी पुष्कळ घरे मागाहून पुन्हा बांधलेली आहेत. किंबहुना नदीकाठचा अतिप्राचीन भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धक्का सरळ करण्यासाठी पाडला गेला. त्यातून वाचलेला स्टेन नावाचा किल्ला आज एकटाच काठावर उभा आहे.

तोडलेला हात

चौकाच्या मध्यभागी १८८७ सालचे कारंजे आहे. त्यावरील वीर एक तोडलेला हात नदीकडे भिरकावीत आहे. कथा अशी की, स्केल्टच्या काठी एक राक्षस राहत असे. जकात न देणाऱ्या नावाड्याचा तो हात तोडी. ब्राबो नावाच्या रोमन वीराने राक्षसाचाच हात तोडून नदीत फेकला आणि त्यावरून शहराचे नाव पडले, असे लोक मानतात. मिठाईच्या दुकानांत हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटे मिळतात. सौभाग्यवतींनी दुकानदारास विचारले तेव्हा त्यात अंडे असते असे कळले. तेव्हा ती पाहूनच समाधान मानले. बटाट्याचे तळलेले कापही पुष्कळ ठिकाणी गोवंशाच्या चरबीत तळतात, म्हणून विचारल्याविना घेऊ नयेत. एक सोय मात्र आहे. जूनमध्ये येथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार सहज पाळता येतो.

त्या कारंज्यापाशी मन मात्र प्रसन्न राहिले नाही. त्याच काळात राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमधून रबर आणि हस्तिदंत याच बंदरात उतरत होते. आणि ठरलेले रबर न भरणाऱ्या तेथील गावांत माणसांचे खरोखरचे हात तोडले जात होते. चौकात वीर राक्षसाचा हात फेकत होता आणि धक्क्यावर उतरणाऱ्या मालामागे तोच राक्षस उभा होता. आपला माल कोणत्या मार्गाने आला, हे न विचारणाऱ्या व्यापारास शुद्ध व्यापार कसे म्हणावे? अहिंसेचे नाव घेणाऱ्या आपण हा प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे.

नदी बंद झाली तेव्हा

हे वैभव गेले कसे? १५७६ च्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने तीन दिवस शहर लुटले, हजारो माणसे मारली आणि नवे कोरे नगरभवन जाळले. १५८५ मध्ये शहर पुन्हा स्पेनच्या राजाच्या हाती पडले. प्रॉटेस्टंट पंथीयांना सांगण्यात आले की, चार वर्षांत धर्म बदला अथवा शहर सोडा. सुमारे एक लाखाची वस्ती काही वर्षांतच निम्म्याहूनही खाली आली. गेलेल्यांत व्यापारी होते, विणकर होते, साखर शुद्ध करणारे होते. त्यांच्यातील पुष्कळ जण आपले कसब आणि पत घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला गेले आणि ते शहर भरभराटीस आले. १६४८ च्या तहाने स्केल्टचे मुख समुद्री व्यापारास बंद झाले. पुढे नदी मोकळी झाली तरी जहाजांवरील डच जकात १८६३ साली रक्कम मोजून कायमची सोडवावी लागली.

सभागृहाला दारे चारच होती. ती कोणी तोडली नाहीत. परंतु माणसांना जा म्हटले आणि बाजार त्यांच्यामागोमाग निघून गेला.

शुक्रवार बाजारातील घर

दुपारी जुन्या धान्यबाजाराच्या रस्त्याने चाललो. आडत्याच्या मुलाला त्या नावाने पाऊल थांबवावेसे वाटले, हे सांगावयास नकोच. तेथेच एका दारातून फ्लाएकेन्सखांग नावाच्या अरुंद बोळात जाता येते. सोळाव्या शतकातील या बोळात एकेकाळी चांभार राहत. संकटकाळी कॅथेड्रलची घंटा वाजविण्याचे काम त्यांच्याकडे असे. तेथून जवळच शुक्रवार बाजाराचा चौक लागतो. दर शुक्रवारी सकाळी तेथे आजही जुन्या घरसामानाचा लिलाव होतो. या चौकातील एका घरासाठीच हा सारा प्रपंच.

ख्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणीचा कारागीर. रात्री कोणी भलताच समजून त्याच्यावर शस्त्र चालविले, हाताने जड काम होईना, म्हणून तो मुद्रणाकडे वळला, असे सांगतात. १५६२ मध्ये त्याच्या छापखान्यात बंदी असलेली धार्मिक पुस्तिका सापडली. तो त्या वेळी पॅरिसला होता. त्याचे सारे सामान याच शुक्रवार बाजारात लिलावात गेले. पुढल्या वर्षी तो परतला, भागीदार मिळवले आणि पुन्हा आरंभ केला. १५७४ च्या सुमारास त्याच्याकडे सोळा छापयंत्रे चालू होती. पाच भाषांतील आठ खंडांचे बायबल त्याने छापले. १५७६ मध्ये तो याच चौकातील घरात आला, आणि त्याच वर्षी लूट झाली. लुटारूंना वारंवार खंडणी देऊन त्याने घर वाचविले.

त्याला मुली होत्या. वाढून पेढी सांभाळील असा मुलगा नव्हता. त्याच्या एका पत्रावरून कळते की, मुली लहान वयातच छापील मजकुराची मुद्रिते वाचीत. एकीने तर हिब्रू आणि ग्रीक मुद्रितांच्या कामास हात लावला. दुसरीने लेसचा व्यापार सांभाळला. तिचा पती यान मोरेतुस हा पेढीवरचाच माणूस. त्याच्या वंशजांनी पेढी चालविली आणि १८७६ मध्ये घर, यंत्रे, ग्रंथ व दप्तर यांसह सारे शहरास विकले. आज ते संग्रहालय असून जागतिक वारसा यादीत आहे. जगातील सर्वांत जुनी म्हणून ज्ञात असलेली दोन छापयंत्रे येथे आहेत. अंगणात जुनी द्राक्षवेल आहे आणि दर्शनी दुकानात नाणी तोलण्याचा काटा.

मी थांबलो तो हिशेबाच्या वह्यांपाशी. कोणास किती पुस्तके दिली, कागद कोणत्या भावाने घेतला, कोणत्या कामगारास आठवड्याची किती मजुरी दिली, हे सारे नोंदलेले. तीनशे वर्षांचे दप्तर जवळजवळ अखंड आहे आणि युनेस्कोने त्याचीही जागतिक दस्तऐवजांत नोंद घेतली आहे. त्या काळचा कामगार काय मिळवीत होता, हे आज अभ्यासक या पानांवरून सांगतात.

कन्या सनदी लेखापाल आहे. काचेवर वाकून ती बराच वेळ आकडे पाहत होती. मग म्हणाली, “अण्णा, आजोबांच्या खतावण्या मला कधी वाचू दिल्या नाहीत तुम्ही.”

मला उत्तर सुचले नाही. लहानपणी ती माळ्यावर चढली की आम्ही तिला खाली बोलावीत असू. पेढी तिच्यासाठी नाही, असे आमच्या मनात पक्के होते. आणि मला आठवले ते १९७२ च्या दुष्काळातील वहीचे पान. खेड्यांतील कुळांना दिलेल्या ज्वारीची नोंद वडिलांच्या सुवाच्य मोडी वळणात आहे. व्याजाचा रकाना मात्र त्यांनी सर्वत्र कोरा सोडला आहे. याविषयी ते घरी एक शब्दही बोलले नव्हते. ते पान गेले की, ती गोष्ट जगातून गेली.

चौकात येताच बंधूंना फोन लावला. भारतात संध्याकाळ झाली होती. “वह्या दिल्यास का?” विचारताना आवाज कापला. ते म्हणाले, “निम्म्या गेल्या, दादा. गेल्या आठवड्यात. उरलेल्या जिन्याखाली आहेत.”

“त्या ठेव,” मी म्हणालो. “आम्ही येत आहोत.”

१९७२ ची वही कोणत्या निम्म्यात होती, हे त्या क्षणी कळण्यास मार्ग नव्हता. परतल्यावर कन्येने आणि मी जिन्याखाली बसून तीन दिवस धूळ झटकली. ती वही सापडली. त्याआधीच्या, आजोबांच्या हातच्या वह्या सापडल्या नाहीत.

वाचकहो, युरोपात गेलात तर अँटवर्पला हिऱ्यांपलीकडे एक दिवस अवश्य द्यावा. चालण्यास सोपे, दगडी रस्त्यांचे शहर आहे. जोडे मात्र मऊ तळाचे असावेत. आणि तेथे जाणे होवो अथवा न होवो, येत्या दीपावलीस नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी माळ्यावरच्या जुन्या वह्या एकदा खाली काढाव्यात, आणि त्या वाचावयास घरातील मुलींनाही बसवावे.