भीतीची दोरी

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या अंगणात थडगी उगवतात. हॅलोविनसाठी ती मी स्वतः करते.

लहानपणी गिरगावात वडिलांच्या हाताखाली गणपतीचं मखर करताना गरम तारेनं थर्मोकोल कापायला शिकले. तार ओढायची नाही, तिच्या चालीनं तिला जाऊ द्यायचं, असं ते सांगत. तसलीच तार इथे दगड घडवते. फक्त थर्मोकोलऐवजी, थंडी अडवायला घरांच्या भिंतींत घालतात तो गुलाबी फोम असतो. त्यात दाणे नसतात, त्यामुळे अक्षरं स्वच्छ कोरता येतात.

पहिल्या वर्षी त्यावर स्प्रेचा रंग मारला. रंगातल्या द्रावकानं फोम खाल्ला, सगळीकडे खड्डे पडले. खट्टू होऊन तो दगड मंडळींकडे नेला. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमणारे आम्ही 12 जण. त्यात निवृत्त इलेक्ट्रिशियन आहे, नर्स आहे, चित्रकलेच्या बाई आहेत. सगळ्यांनी मिळून एकच वस्तू करायची आणि आपापली घरी न्यायची, ही आमची रीत. बाईंनी दगड उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "पावसानं झिजलेला दगड असाच तर दिसतो!" तेव्हापासून गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून आम्ही मुद्दाम कडांवर स्प्रेचा हलका फवारा मारतो. वर पाण्यातला करडा रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट हात. दगड शंभर वर्षांचा होतो.

प्रकाशाचं गणित समजायला मात्र वेळ लागला. मखरात देव दिसायला हवा, म्हणून मी इथेही सगळं उजळून टाकत होते. चूक कळली ती भोपळ्यामुळे. आयर्लंडमधून आलेली माणसं आपल्या गावी हॅलोविनला सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. तो पेटवून अंधारात ठेवला की कळतं, एवढासा उजेड पुरतो. आता एक निळा दिवा जमिनीलगत, एक हिरवा झाडामागे. बाकीचं बघणाऱ्याचं मन रंगवतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तरंगतं भूत केलं. गाडीच्या वायपरची मोटार वर टांगायची. तिच्या दांड्यापासून तीन दोऱ्या, एक डोक्याला, दोन हातांना. प्रत्येक दोरी वेगळ्या क्षणी ओढली जाते, म्हणून भूत पाण्यात असल्यासारखं हलतं. अंगावर जाळीदार सुती कापड. कपडे उजळवणाऱ्या साबणात ते भिजवलं की अतिनील दिव्याखाली आपोआप चमकतं. मोटार 12 व्होल्टची. आमचे इलेक्ट्रिशियन म्हणाले, "5 वर चालव. भुताला कुठं घाई असते?"

त्या 31 ऑक्टोबरला परीच्या पोशाखातली चारेक वर्षांची मुलगी फुटपाथवरच थबकली. भूत उठलं तशी आईच्या मागे लपून हुंदके देऊ लागली. मला फार वाईट वाटलं. मी मोटार थांबवली, अंगणातला मोठा दिवा लावला, तिला दोऱ्या दाखवल्या आणि बटण तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग दाबलं. भूत हललं, ती किंचाळली, लगेच बंद केलं. पुन्हा चालू केलं. चौथ्या वेळी तिनंच मला मोठा दिवा मालवायला सांगितला.

नोव्हेंबरच्या बैठकीत मी हे सांगितलं. दडून बसून अंगावर उसळणाऱ्या वस्तू त्यानंतर आम्ही सोडून दिल्या. भीती मुलांना हवीच असते, ती मागायलाच तर मुलं हॅलोविनला दारोदार फिरतात. पण तिची दोरी त्यांच्या हातात असावी. गेल्या रविवारी गॅरेजमध्ये बसून आम्ही 12 बटणं जोडली. मोठी, लाल, आणि खांबावर जमिनीपासून दोन फुटांवर बसवायची.